‘वहिनी, कुठली ॲकॅडमी लावली होती?’ तुम्ही विचारलंत म्हणून

मोठा मुलगा सैनिक स्कूलला, म्हणजे फौजेतले अधिकारी घडवायच्या निवासी शाळेला, लागल्यापासून ओळखीचं कोणीही भेटू दे, इथे साताऱ्यात राजवाड्यावर नाहीतर लग्नाच्या पंगतीत, पहिला प्रश्न ठरलेला असतो, वहिनी कुठली ॲकॅडमी, म्हणजे प्रवेश परीक्षेचा क्लास, लावली होती? आणि दुसरा, कितवीपासून? मी म्हणते नव्हती लावली, तर समोरच्याच्या तोंडावर दिसतं की ही काहीतरी लपवतीय. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आता साताऱ्यात हा प्रश्न जरा जास्तच येतो त्याला कारण आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपल्या गावात, 23 जून 1961 ला सुरू झालेलं. जिल्ह्यात एका गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे, आणि दर दुसऱ्या घरात कोणीतरी फौजेत आहे नाहीतर होतं. त्यामुळे पोरगं तिसरीत गेलं की पाहुणे विचारायला लागतात, काय मग, सैनिक का नवोदय? जशी काय दोन दुकानं आहेत, हे नाही तर ते.

दोन्ही सारखी नाहीत. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथे फी जवळपास नाहीच, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं सरकारचं. सैनिक स्कूलला वर्षाला लाखाच्या पुढे खर्च येतो, स्कॉलरशिप आहेत पण त्या उत्पन्नावर. नवोदयची सहावीसाठीची परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत असताना, आणि आपल्याच जिल्ह्यातून. सैनिकला सहावीसाठी वय 31 मार्चला 10 ते 12 मध्ये बसायला लागतं, त्यामुळे काही पोरं सहावी झाल्यावर परत परीक्षा देऊन परत सहावीत बसतात, वर्ष गेलं तरी चालेल म्हणतात. मला ते पटत नाही, पण ज्याचा त्याचा प्रश्न. मुलीसुद्धा देऊ शकतात, 2021 पासून सगळ्या सैनिक स्कूलमध्ये मुलींना घेतात, हे अजून कित्येकांना माहीत नसतं.

नवोदयचं एक मात्र नीट ऐका, कारण इथे लोक फसतात. तिथे जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना. पण ग्रामीण कोण हे तुमच्या सातबाऱ्यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झाली पाहिजेत. आपल्याकडे काय होतं, राहणार गावात, शेती गावात, आणि पोरगं चांगल्या शाळेच्या नावाखाली रोज व्हॅनने साताऱ्यात येतं. ते कागदावर शहरी. माझ्या माहेरच्या नात्यात अगदी असंच झालं, गावातली झेडपीची शाळा सोडून चौथीत पोराला शहरात आणलं, का तर नवोदयची तयारी बरी होईल म्हणून! म्हणजे ज्याच्यासाठी आणलं तेच गेलं. तेव्हा दुसरीत आहे तोवरच हे बघून ठेवा.

आणि क्लासच्या आधी घरात एक बोलून घ्या, लागला तर पाठवणार का? हसू नका. फॉर्म भरताना सगळे उत्साहात असतात, मग निकाल लागतो आणि आजी रडायला लागते, आई म्हणते एवढासा आहे, आणि सीट सोडतात. दहा-अकरा वर्षांचं पोर, स्वतःचे कपडे, स्वतःचं ताट, पहाटे उठून पीटी. ज्याला नाही जायचं त्याला दीडशे मिनिटांच्या परीक्षेला बसवून काय मिळवणार आपण? माझ्या धाकटीने सरळ सांगितलं मला हॉस्टेलला नाही जायचं, तिला नाही बसवलं. ती शाळेतल्या स्कॉलरशिप परीक्षेला बसली. तिच्याकडून पण तोच अभ्यास झाला, फुकट काही गेलं नाही, कारण गणित आणि बुद्धिमत्ता या सगळ्या परीक्षांना जवळपास एकच आहे.

आता तयारीचं. सैनिकचा पेपर सहावीसाठी 300 मार्कांचा, 125 प्रश्न, 150 मिनिटं, सगळं ओएमआर शीटवर, म्हणजे उत्तराचा गोल काळा करायचा. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 3 मार्क, म्हणजे 150. बाकी बुद्धिमत्ता, भाषा, सामान्य ज्ञान प्रत्येकी 25 प्रश्न, 2 मार्कांचे. म्हणजे अर्धा पेपर एकट्या गणिताचा, आणि लोक पैसे घालतात जीकेच्या जाडजूड पुस्तकांवर, पोरगं कुठल्यातरी देशाच्या राजधान्या घोकत बसतं आणि छेद वेगळे असलेले अपूर्णांक चढत्या क्रमाने लावता येत नाहीत.

गणितात खरी गोम ही आहे की परीक्षा पाचवीतल्या पोराची पण अभ्यासक्रम पाचवीचा नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर-प्रमाण, सरळव्याज हे सगळं येतं, आणि स्टेट बोर्डाच्या पाचवीच्या पुस्तकात ते नाही, सहावीच्या आहे. मग मी काय केलं, बालभारतीच्या साइटवरून सहावीचं गणिताचं पुस्तक उतरवून घेतलं, फुकट मिळतं, आणि चौथीच्या सुट्टीपासून रोज संध्याकाळी तासभर, जास्त नाही. आधी चौथी-पाचवीचं पक्कं, मग सहावीचं. सासूबाईंना पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ आहे, त्यांनी ती पोराला म्हणायला लावली, मला तेव्हा वाटलं आता कशाला हे, पण ज्याला पावकी येते त्याला 25 टक्के वेगळे शिकवायला लागत नाहीत हो. रविवारी ह्यांच्यासोबत दुकानात, आमचं हार्डवेअरचं आहे, खरेदीचं बिल बघून सूट किती, एका नगाला किती पडलं, केवढ्याला विकलं तर किती सुटतील. ते प्रश्न पेपरातल्या प्रश्नांपेक्षा अवघडच असायचे.

बुद्धिमत्तेला संख्यामाला, सांकेतिक भाषा, आरशातल्या आकृत्या, दिशा, नाती, यात शिकवण्यासारखं थोडं आणि सवयीचं जास्त. जुन्या स्कॉलरशिपच्या प्रश्नपत्रिका भरपूर मिळतात, त्याच सोडवल्या. शेवटी शेवटी घड्याळ लावून पूर्ण पेपर, एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही त्यामुळे अडलं की पुढे जायची सवय लावावी लागते आणि हुशार पोरांनाच ती लागत नाही, ती एकाच गणितावर हट्टाने बसतात. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे पोराला शंभरदा सांगा. प्रत्येक विषयात 25 टक्के आणि एकूण 40 टक्के लागतात पण ते नुसतं पात्र व्हायला, लागायला नाही, लिस्ट त्याच्या खूप वर बंद होते.

माध्यमाचं पण विचारतात. सहावीसाठी पेपर मराठीतून देता येतो, मराठी शाळेतल्या पोराने मराठीतूनच द्यावा. फक्त आत गेल्यावर सीबीएसई आणि सगळं इंग्रजीत. आमच्याला पहिले काही महिने जड गेले, विज्ञानाचं पुस्तक समजत नाही म्हणून फोनवर चिडायचा. म्हणून परीक्षा संपल्यावर जो मोकळा वेळ मिळतो त्यात थोडं इंग्रजी वाचायला लावा. आणि जे म्हणतात आत्ता नाही, नववीला बघू, त्यांनी लक्षात ठेवा की नववीचा पेपर इंग्रजीतच असतो, आणि जागा तेव्हा रिकाम्या होतील तेवढ्याच.

अजून एक, मेडिकल, म्हणजे प्रवेशाआधीची शरीराची तपासणी. मार्क पडून मेडिकलला अडकलेली पोरं आहेत. डोळे, रंग ओळखणं, गुडघे, कान, सगळं बघतात. अभ्यासाला बसवायच्या आधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणा.

परीक्षा साधारण जानेवारीत असते पण धरून चालू नका, 2025 ची एप्रिलमध्ये झाली होती. माहितीपत्रक दरवर्षी नवीन येतं ते स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या स्टेटसवर विसंबू नका.

आता ॲकॅडमी. मी सगळ्या वाईट म्हणत नाही. ज्या घरात दोघं कामाला जातात, गणित घ्यायला कोणी नाही, तिथे संध्याकाळचा चांगला क्लास लागतोच आणि काही सर खरंच जीव तोडून शिकवतात. माझा विरोध आहे तो निवासी ॲकॅडमीला. पोरगं चौथी-पाचवीत नेऊन ठेवायचं, शाळेत नाव नुसतं पटावर, दिवसभर टेस्ट सिरीज, कशासाठी, तर पुढे हॉस्टेलला जाता यावं म्हणून आत्तापासून हॉस्टेल! आणि नाही लागलं तर? आणि नवोदयच्या ग्रामीण-शहरीमध्ये हे पटावरचं नाव कुठल्या शाळेत आहे तेही बघा, ते कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही.

लावायचीच असेल तर फ्लेक्सवरचे फोटो बघून लावू नका, तोच फोटो दोन-दोन ॲकॅडम्यांच्या फ्लेक्सवर मी पोवई नाक्यावर बघितलाय. आत जा, बॅचमध्ये मुलं किती विचारा, गणित कोण घेतं विचारा, मालक घेतात का आत्ताच डीएड झालेला पोरगा घेतो. आणि मधल्या रँकच्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागा, टॉपरची नको. त्यात चुकलेलं गणित कोणी परत सोडवून घेतलंय का, का नुसती लाल फुली मारून पुढे गेलेत, एवढंच बघा. वही दाखवायला नको म्हणाले तर ॲडव्हान्स भरू नका.