साल्हेर: वाघांब्याकडून चढाई, साल्हेरवाडीकडे उतराई

कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल उंचीचे महाराष्ट्रातील शिखर म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातील साल्हेर. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातील सर्वांत उंच किल्लाही आहे. हिवाळ्यात एका दिवसात तो पाहावयाचा असल्यास वाघांब्याने चढून साल्हेरवाडीला उतरावे, असे माझे मत आहे. पायथ्याची ही दोन्ही गावे गाडीरस्त्याने जोडलेली असल्यामुळे आम्हाला वाघांब्यात सोडून चालक गाडी घेऊन साल्हेरवाडीला गेला. एसटीवर अवलंबून असणाऱ्यांनी मात्र परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच सटाण्याच्या स्थानकावर विचारून ठेवावी.

सटाण्यात मुक्काम करून आम्ही पहाटे ताहाराबाद आणि मुल्हेरमार्गे निघालो आणि उजाडताच चालायला लागलो. गावाबाहेरची शेते संपली की वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीकडे चढू लागते. अंगावरचे स्वेटर अर्ध्या वाटेतच उतरवावे लागले, पण ते पिशवीच्या तळाशी कोंबू नये, कारण खिंडीत पोहोचल्यावर घामेजल्या अंगाला जो वारा झोंबतो तो चढताना लागलेल्या थंडीपेक्षा बोचरा असतो. या दिवसांत गवत वाळलेले असते. त्याची कुसळे मोज्यांत शिरून हैराण करतात, शिवाय उतारावर वाळक्या गवतावरून बूट सटकतो. म्हणून पूर्ण लांबीची विजार आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

सालोट्याला जायचे की नाही, हे खिंडीत ठरवावे. तिकडच्या वाटेवर घसारा आहे आणि त्यात बराच वेळ जातो. खिंडीत पोहोचायलाच दहा वाजून गेले असतील, तर त्याचा मोह टाळून सरळ साल्हेरकडे वळावे. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि या डोंगराच्या उतरत्या वाटा विजेरीच्या प्रकाशात शोधण्यासारख्या नाहीत.

खिंडीपासून वर साल्हेरचे खरे वैभव सुरू होते. कातळात कोरलेल्या पायऱ्या, एकामागून एक येणारे दरवाजे आणि त्यांना जोडणारी, डोक्यावर कडा व पायाखाली दरी असलेली आडवी वाट. तिच्या कडेला गुहाही खोदलेल्या आहेत. वाट रुंद आहे, पण गर्दीच्या रविवारी समोरून येणाऱ्यांना कड्याच्या बाजूला उभे राहूनच वाट द्यावी, दरीच्या बाजूला सरकू नये.

माथ्यावरच्या पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकेचे मंदिर आहे. तलावातले पाणी गाळून, उकळूनच वापरावे. आम्ही माणशी तीन लिटर पाणी गावातूनच नेले होते व ते पुरले. पठारावरून शेवटचा चढ परशुरामाच्या मंदिराशी संपतो. येथूनच बाण सोडून परशुरामाने समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा सांगतात. मंदिर लहान आहे आणि आतल्या पादुकांचे दर्शन क्षणभरात होते. नजर गुंतते ती बाहेर. समोर सालोटा, त्यापलीकडे मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर, मोरा आणि हरगड, तर दुसरीकडे गुजरातमधील डांगचे जंगल. सकाळच्या धुरकट हवेत लांबचे डोंगर पुसट दिसत होते, ऊन चढल्यावर ते स्पष्ट झाले. त्यामुळे सूर्योदयासाठी अंधारात धापा टाकत चढण्याचा आग्रह मला तरी पटत नाही.

१६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना याच किल्ल्याच्या परिसरात उघड्या मैदानात हरवले. गडाच्या आश्रयाने लढणाऱ्या फौजेने मोकळ्यावर समोरासमोर झुंज दिली, हे त्या विजयाचे वेगळेपण वरून खालचा मुलूख न्याहाळताना नीट उमगते. या लढाईत पडलेले मराठा सरदार सूर्यराव काकडे यांचे स्मारक साल्हेरवाडीत आहे. उतरल्यावर ते पाहता येते, हा या मार्गाचा आणखी एक फायदा.

साल्हेरवाडीच्या बाजूलाही दरवाजे आणि पायऱ्या आहेत, मात्र पायऱ्यांवर बारीक खडी पसरलेली असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी जवळ ठेवावी. दुपारी दोनच्या आत माथा सोडल्यास उजेडातच गाव गाठता येते. जेवण हवे असेल तर सकाळीच गावात सांगून ठेवावे. आयत्या वेळी चहाखेरीज काही मिळेल या भरवशावर राहू नये.