अंजनेरी: जाताना मोटर, येताना मांड्या

माझा आतेभाऊ कंपनीच्या कामासाठी महिनाभर जर्मनीला गेला आणि जाताना त्याची इलेक्ट्रिक माउंटन बाइक आमच्या हॉलमध्ये लावून गेला. "खाली पार्किंगमध्ये ठेवायची नाही, आणि कोणी किंमत विचारली तर खरी सांगायची नाही," एवढं बजावून. पहिल्या अटीपायी बायकोची बोलणी रोज खातोय. दुसरी मात्र सोपी वाटली होती.

सायकलचं वजन साडेतेवीस किलो. लिफ्टमध्ये ती मागच्या चाकावर उभी करावी लागते, आणि तशी उभी केली की पुढचं चाक बरोबर माझ्या नाकासमोर येतं. टायर अडीच इंच रुंद, त्याच्यावर बोटभर उंचीची बटणं. पुढचं चाक धरणारा, १६० मिलिमीटर खाली-वर होणारा फोर्क, मागे धक्के झेलणारा शॉक, फ्रेमच्या पोटात ६३० वॅट-तासांची बॅटरी. एवढं सगळं जर्मनीतूनच स्वस्तात का नाही आणलं, असं मी त्याला विचारलं होतं. १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चढूच देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे नुसती सायकल बॅगेत भरून आणली असती आणि बॅटरीसाठी वणवण केली असती. शेवटी त्याने ती पुण्यातून घेतली, इंपोर्ट केलेली.

नोव्हेंबरातला रविवार होता. पहाटे सहाला नाशिकहून अंजनेरीच्या गडाकडे निघालो तेव्हा कॉलेज रोडवर फक्त दूधवाले आणि चालायला निघालेली ज्येष्ठ मंडळी. मायको सर्कलच्या सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला.

"कितीला पडली?"

"पन्नास हजार."

"बॅटरीवरची ना? मग पेडल कशाला मारताय?"

सिग्नल सुटला म्हणून वाचलो. पण हाच प्रश्न दिवसभरात अजून चार जणांनी विचारला, म्हणून उत्तर इथे लिहून टाकतो. या सायकलला ॲक्सिलरेटर नाही. मोटर पेडलच्या दांड्याच्या जागी, म्हणजे दोन्ही पायांच्या मधोमध बसवलेली असते आणि तिच्यात टॉर्क सेन्सर असतो. आपण पेडलवर किती जोर देतोय हे तो सारखं मोजत असतो आणि त्या हिशोबात मोटर स्वतःचा जोर मिळवते. तुम्ही हळू दाबलंत तर ती हळू, तुम्ही जीव काढलात तर तीही जीव काढते. पाय थांबले की ती थांबते. पहिल्या दिवशी वाटतं की पाठीमागून कोणीतरी सीटला धरून ढकलतंय, लहानपणी बाबा ढकलायचे तसं.

मायको सर्कलवरून आठवलं. आम्हा नाशिककरांना बॉश हे नाव सातपूरच्या कारखान्यामुळे माहीत, आणि जुन्या माणसांच्या तोंडी तो अजूनही मायकोच. इथे डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनले, आणि त्याच नावाच्या मूळ जर्मन कंपनीने सायकलच्या मोटरींमध्ये मोठं नाव कमावलंय. आमच्या भावाच्या सायकलला दुसऱ्या कंपनीची मोटर आहे. तरी सातपूरच्या गेटवरून जाताना मी उगाच घंटी वाजवली.

आता टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, फुशारकी. भाऊ सगळ्यांना सांगत असतो की हिच्या मोटरचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर आणि शंभर सीसीच्या मोटरसायकलचा जेमतेम आठ. आकडे खरे आहेत, पण ऐकणाऱ्याला फसवणारे आहेत. मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, आपले पाय साठ-सत्तर. टॉर्कला फेऱ्यांनी गुणलं की ताकद निघते. ८५ न्यूटन-मीटर आणि मिनिटाला ६० फेरे म्हणजे साधारण ५३५ वॅट. मिक्सरएवढं. तेही क्षणभरापुरतं. सतत चालण्यासाठी मोटर २५० वॅटचीच धरलेली असते, कारण कायद्याची रेघ तिथे आहे. आपल्याकडेही २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी ई-बाइक मोटर वाहनात मोडत नाही, म्हणून लायसन्स नको आणि नंबरप्लेटही नको.

ही २५ ची रेघ काय असते ते त्र्यंबक रोडला कळलं. पिंपळगाव बहुला मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि मागून पाच-सहा रोड सायकलवाले आले. बारीक टायर, वाकलेले हँडल, ताशी तीसचा सहज वेग. मी जोर लावला. पंचवीसला मोटरने हात काढून घेतला आणि एकदम पोत्याला पेडल जोडल्यासारखं झालं. ती बटणं डांबरावर घोंघावत होती आणि मंडळी हात हलवत पुढे निघून गेली. शहरही असं की लाजायला जागा नाही. २०१५ साली महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, अमेरिका आडवी कापणारी ती 'रेस ॲक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले, ते इथलेच. आणि मी बॅटरी लावून मागे पडतोय. गुपचूप 'इको' वर, म्हणजे मोटरच्या कमी जोरावर आलो आणि महिरावणीपर्यंत बावीस-तेवीसने हवा खात गेलो. मधे मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल लिहीत नाही, नाशिकचा माणूस लिहायला बसला की मिसळ येतेच.

अंजनेरी फाट्याला आत वळलो. गावात यादवकाळातली पडकी हिंदू आणि जैन देवळं आहेत. बहुतेक लोक गडाच्या नादात ती न बघताच पुढे जातात. दगडांवरचं कोरीव काम आजूबाजूच्या घरांच्या वाळवणांमध्ये उन्हं खात पडलेलं असतं. तिथे दहा मिनिटं बसलो. एका आजीने किंमत विचारली, मी पस्तीस हजार सांगितलं. "मेल्यांनी लुटलं," त्या म्हणाल्या.

गावातून पायथ्यापर्यंतचा गाडीरस्ता हा या सायकलचा खरा विषय. खडबडीत, सुटे दगड, आणि मधेच असे टप्पे की जीपसुद्धा पहिल्या गिअरवर रडते. मी पहिल्याच टप्प्यावर अडकलो. चूक माझी. डांबरावरचा जड गिअर तसाच ठेवून मी 'बूस्ट'चं, म्हणजे मोटरच्या पुऱ्या जोराचं बटण दाबलं. मोटर घुंर्र करून ओरडली, चेन कडकडली, सायकल तीन फूट गेली आणि मी आडवा.

मागच्या चाकात बसवलेल्या मोटरीला गिअरशी घेणंदेणं नसतं. पण मधल्या मोटरीची ताकद आपल्या पायांसारखीच चेनमधून आणि गिअरमधून जाते. म्हणजे आपल्याला जो गिअर जड, तो तिलाही जड. मग मागचं ५१ दात्यांचं ताट, म्हणजे सगळ्यात हलका गिअर लावला. हो, ताटच म्हणायचं त्याला, जवळजवळ ब्रेकच्या डिस्कएवढं आहे. पुढे ३४ दाते. पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा दोन-तृतीयांश फेरा, म्हणजे जेमतेम दीड मीटर. पाय भराभर फिरवत राहिलो आणि ताशी सहा-सातच्या वेगाने तोच टप्पा बसल्याबसल्या चढलो. दम लागला, पण बोलता येईल एवढाच. मागच्या टायरमध्ये हवा २४ पीएसआयच होती, त्यामुळे तो दगडांना चिकटून चालल्यासारखा चालत होता.

वर चढताना मनात बॅटरीचा हिशोब चालू होता. मी ७६ किलो, सायकल, पाणी, पाठीवरची पिशवी धरून १०३ किलो. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला साधारण २८ वॅट-तास लागतात, त्यात थोडे माझ्या पायांचे. मोटर तापण्यात आणि टायर घासण्यात जाईल ते वेगळं. पायथ्याला पोचलो तेव्हा पाचातल्या तीन पट्ट्या शिल्लक होत्या. परतीचा रस्ता उताराचा, म्हणजे चिंता नको.

वनखात्याच्या चौकीपाशी सायकल लावली. इथून पुढे पायऱ्या आहेत, आणि वरचं पठार हे राखीव. तिथे चाक नेण्यात अर्थही नाही आणि नेऊही नये. सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती, जिची नोंद शास्त्रज्ञांनी २००६ साली केली, ती याच डोंगराचं नाव घेऊन आहे. पावसाळ्यात तिला फूल येतं, ते नाजूक कंदिलासारखं. तिच्यावरून कोणाचं अडीच इंची टायर जावं अशी इच्छा नाही. सायकलला साखळी घातली खरी, पण मन मानेना. किल्ली फिरवून बॅटरी काढली आणि पिशवीत टाकली. साडेतीन किलो. म्हणजे सकाळपासून जिने मला वाहिलं तिला आता मी वाहत होतो. माकडांनी पिशवीकडे बराच वेळ पाहिलं. वर तळं, अंजनीमातेचं देऊळ, कड्याजवळ घिरट्या घालणारी दोन गिधाडं. ती दोन बघितली आणि त्या साडेतीन किलोचं वाईट वाटेनासं झालं.

उतरताना खरी मजा. हँडलवरचं एक बटण दाबून बसलं की सीट आपल्या वजनाने खाली जाते आणि आपण मागे सरकून बसकण मारू शकतो. वजन चाकांच्या मधे खाली आलं की पुढे उलटायची भीती जाते. फोर्कच्या चकाकत्या दांडीवर एक काळी रबरी रिंग असते. आपण नुसते बसलो की ती १६० पैकी ४५ मिलिमीटरवर यावी, एवढी हवा मी सकाळी भरली होती. पायथ्याहून अर्धा उतार उतरून पाहिलं तर ती ११० वर सरकलेली. म्हणजे चाकाखाली एवढं घडत होतं आणि माझ्या मनगटांना त्याचा पत्ता नव्हता. डिस्क २०३ मिलिमीटरच्या, दोन्ही ब्रेकना चार-चार पिस्टन, आणि एका बोटाने थांबते. एका बोटाने! साध्या सायकलीवर याच रस्त्याला दोन्ही हात आवळून खाली आलेला माणूस आहे मी, २०१९ मधला. तरी तळाशी येईपर्यंत तापलेल्या लोखंडाचा वास आलाच. साडेतेवीस किलो आणि शिवाय मी, एवढं सगळं कुठेतरी उष्णता होऊन जाणारच.

शेवटच्या वळणावर समोरून जीप आली. मी सायकल रस्त्याबाहेर गवतात घातली. नोव्हेंबरातलं वाळलेलं कुसळी गवत, कमरेएवढं. जीप गेली, मी मोज्यांतली कुसळं काढली आणि निघालो. गावात आलो, फाट्याला आलो, नाशिककडे वळलो, आणि पेडल जड.

डिस्प्लेवर एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे. बंद केलं, चालू केलं. बॅटरी काढली, पुसली, घातली. परत तेच. भावाला फोन लावला तर त्याच्याकडे अजून उजाडायचं होतं. मोटर गेली असं मनाने ठरवूनच टाकलं आणि तिची किंमत डोळ्यांपुढे नाचायला लागली. बंद मोटर तशी पायाला ओढत नाही, आत क्लच असतो. ओढतं ते वजन आणि त्या टायरची बटणं. सहा किलोमीटर. रस्ता उताराकडचा असूनही मांड्या भरून आल्या, आणि त्यात एक हिरो सायकलवाले काका दुधाच्या कॅनसकट मला मागे टाकून गेले.

रस्त्याकडेला मोटार वायंडिंगचं दुकान दिसलं. बाहेर तीन पाणबुडी मोटारी उघड्या करून ठेवलेल्या, आत वार्निशचा वास. साठीचे एक काका स्टूलवर बसून तांब्याच्या तारेचं वेटोळं स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये लाकडी पट्टीने दाबत होते. मी म्हटलं, "काका, सायकलची मोटर जळलीये बहुतेक."

त्यांनी मान वर केली नाही. "वास आला का?"

"नाही."

"मग नाही जळली. वास आल्याशिवाय जळत नाही."

हातातली खाच पुरी करूनच ते उठले. मागचं चाक उचलायला लावलं, पेडल हाताने फिरवलं, मोटरला हात लावून पाहिला. नुसती कोमट. मग विचारलं, "ही पंचवीसला बंद होते म्हणता. मग किती पळतेय ते हिला कळतं कुठून?"

हे मला माहीत होतं. स्पोकवर एक चुंबक असतं, ते मागच्या दांडीवरच्या सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा मोजला जातो. भावाने सांगितलं होतं. पण सहा किलोमीटर जीव काढताना एकदाही खाली वाकून पाहायचं सुचलं नाही. काकांनी चाक हळूहळू फिरवलं. शेंगदाण्याएवढं काळं चुंबक, त्याच्याभोवती गवताची एक काडी घट्ट गुंडाळलेली, आणि तिने ते स्पोकवर फिरवून सेन्सरकडे पाठ करून ठेवलेलं. चाक फिरतंय हे मोटरला कळतच नव्हतं, म्हणून तिने संप केला होता. काकांनी चिमट्याने काडी ओढली, स्क्रू अर्धा सैल करून चुंबक वळवलं, आवळलं. अर्धं मिनिट.

डिस्प्लेवरचा आकडा गेला.

मी खिशात हात घातला तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. "एक फेरी मारू का?" सीट खाली करून दिली. धोतर सावरत ते मोकळ्या जागेत दोन गोल फिरले. पहिल्यांदा सायकल पुढे झेपावली तेव्हा "अरे अरे" म्हणाले, मग गप्प झाले, आणि दुसऱ्या फेरीला तोंडभर हसत होते. उतरून म्हणाले, "पाय सोडले की ही पण सोडते की!" मग बॅटरीवर टिचकी मारली, फोर्कला हात लावला, मागचं ताट निरखलं.

"कितीला पडली?"

ज्या माणसाने वास विचारून निदान केलं त्याच्याशी खोटं काय बोलणार. "साडेपाच लाख," मी म्हटलं.

काका परत स्टूलवर जाऊन बसले. लाकडी पट्टी उचलली, तारेचं टोक शोधलं, आणि आतल्या पोराला हाक मारली. "दोन चहा सांग रे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पैसे हे देतील."