पावसातली राणीची बाग

लहान मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायचे असेल तर थंडीतला एखादा रविवार गाठावा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझे मत त्याच्या नेमके उलट झाले आहे. सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा यांना घेऊन आम्ही जुलैमध्ये, चांगल्या रिपरिपीत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो आणि सुट्टीच्या गर्दीत एरवी माणसांच्या पाठीच अधिक पाहायला मिळतात तेथे प्राणी मनसोक्त पाहता आले. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव. तरी गाडीतून उतरून वाट विचारली की उत्तर मात्र ‘राणीची बाग’ असेच मिळते.

पावसाळ्यात पेंग्विन कक्ष सर्वांत आधी पाहावा, कारण तो वातानुकूलित असल्याने भिजलेल्या अंगाने आत शिरलेली मुले काही क्षणांत कुडकुडू लागतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणले गेले आणि 2017 पासून लोकांना पाहता येऊ लागले. बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही, हे थोरलीला पटवायला मला बराच वेळ लागला. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिली या देशांचा समुद्रकिनारा; तेथे समुद्राचा प्रवाह थंड असतो, पण किनाऱ्याला लागून वाळवंट पसरलेले आहे आणि पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे बाहेर मुंबईचा पाऊस कोसळत असताना साऱ्या बागेत ज्यांना त्याचा पत्ताच नव्हता असे हे एवढेच रहिवासी होते. ते काचेला लागून पाण्यातून सरसर निघून जात आणि धाकटा त्यांच्याबरोबर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावे.

खरी गंमत पाणघोड्यापाशी झाली. पाणघोड्याची कातडी उन्हात लवकर सुकते आणि तडकते, म्हणून तो दिवसाचा बराचसा वेळ पाण्यात काढतो आणि कठड्यापाशी ताटकळणाऱ्यांना फक्त डोळे, कान आणि नाकपुड्या दिसतात. आभाळ भरलेले असले की त्याला ही काळजी उरत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो काठावर सबंधच्या सबंध उभा होता, पाठीवरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि कानामागची त्वचा तांबूस दिसत होती. ‘‘आई, त्याला लागलंय का गं?’’ असे थोरलीने विचारले. ते रक्त नव्हते. पाणघोड्याच्या त्वचेतून तांबूस, चिकट द्रव पाझरतो आणि तो उन्हापासून व जंतूंपासून त्याचे रक्षण करतो. हे मी समजावून सांगत असतानाच पाणघोड्याने आमच्याकडे पाठ केली आणि आखूड शेपटी गरगर फिरवत आपली विष्ठा चहूकडे उडवली. आपली हद्द सांगण्याची ही त्याची रीत आहे, हे वाक्य कोणीही ऐकून घेतले नाही, कारण दोन्ही मुले हसून हसून ओल्या फरशीवर बसली होती.

वाघही त्या दिवशी जागा होता. उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत पसरलेला वाघ दाखवून ‘तो बघ, पट्टे दिसतात ना’ असे म्हणावे लागते. येथे तो पावसातून संथपणे फेऱ्या घालत होता, कारण वाघाला पाण्याचे वावडे नसते. बिबट्याने मात्र आडोसा धरला होता. काचेपाशी एक गैरसोय होते, ती मोठ्यांच्या छत्र्यांमुळे: मागच्या माणसाच्या छत्रीचे पाणी पुढच्या लहानग्याच्या मानेवर गळत राहते. म्हणून मुलांना टोपीचा रेनकोट घालावा, आपणही तोच घालावा आणि हात मोकळे ठेवावेत.

सारे काही पाहायचे असा हट्ट मुळीच धरू नये. मुक्त पक्षिविहारातून आम्ही भरभर निघालो, कारण पक्षी माना आखडून बसले होते आणि धाकट्याला भूक लागली होती. झाडांपाशी मात्र थांबावे. ही बाग 1861 मध्ये वनस्पती उद्यान म्हणून उभी राहिली, प्राणी नंतर आले, आणि आजही येथे 3,000 हून अधिक झाडे आहेत. गोरखचिंच उन्हाळ्यात निष्पर्ण असते. पावसाच्या सुमारास तिला पालवी आणि फुले येतात. ही मोठी पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि लवकरच गळून पडतात. चिखलात पडलेले असे एक फूल थोरलीने उचलले. वासाने तिने नाक मुरडले, पण फूल टाकले नाही. वारा सुटला असेल तर मात्र झाडाखाली आडोसा घेऊ नये. पावसाळ्यात मुंबईत फांद्या पडतात.

हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी अर्थातच घरी राहावे आणि भरतीची वेळही पाहून ठेवावी, कारण शीव-कुर्ल्याच्या बाजूला रुळांवर पाणी साचले की मुलांसह तासन्‌तास गाडीत अडकावे लागते. बुधवारी बाग बंद असते. आम्हाला परतीची गाडी वेळेवर मिळाली. डब्यात धाकट्याने समोरच्या अनोळखी आजींना पाणघोड्याच्या शेपटीचा प्रकार इतका साभिनय करून दाखवला की त्यांनी भाजीची पिशवी मुकाट्याने आपल्याकडे ओढून घेतली.