कागवाडला भडंग पाठवायचं होतं

मिरजेच्या पुढे म्हैसाळ ओलांडलं की कागवाड. तिथल्या एका दुकानदाराने पाहुण्यांकडे आमचं भडंग खाल्लं आणि फोन केला, "अक्का, दर आठवड्याला माल पाठवा की. रोख पैसे देतो." 2024 सालची गोष्ट. तोवर माझा धंदा घरगुती म्हणावा असाच होता. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीला थोडा चिवडा. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत, त्यामुळे अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरत होती. तिची फी वर्षाला 100 रुपये. जीएसटीचा संबंध नव्हता. मालाच्या धंद्याला चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, एवढं बाजारात सगळ्यांना माहीत असतं.

आमच्या कर सल्लागार मॅडमना मी सहज म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागवाड कुठल्या राज्यात आहे?"

सगळी गोम तिथेच होती. कागवाड कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. चाळीस लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. परराज्यात विक्रीसाठी एक पोतं पाठवायचं तरी आधी नोंदणी, मग उलाढाल पाच लाख असो की पन्नास. मी विचारलं, मग ती एक टक्क्याची कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरायची योजना, घेऊ का? तीही चालत नाही. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे मी नागपूरला, गोंदियाला बिनधास्त भडंग पाठवू शकत होते, पण अर्ध्या तासावरच्या कागवाडला नाही. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुंबई-बंगळूरचे ट्रक असणार. सीमेवरच्या तालुक्यांत सोयरिक, बाजार, दवाखाना सगळं दोन्हीकडे असतं, हे त्याच्या हिशेबात कुठे येणार?

घरात दोन दिवस चर्चा झाली. सासूबाईंचं मत होतं की आहे ते बरं आहे. मला मात्र कागवाडमागे अथणीची बाजारपेठ दिसत होती. शेवटी रीतसर नियमित जीएसटी नोंदणी घ्यायची ठरवली.

घरात कढई पुरेनाशी झाली होती, म्हणून सांगलीच्या विश्रामबागेत एक गाळा भाड्याने घेतला होता. नोंदणीसाठी जागेचा पुरावा लागतो: भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र, लाइट बिल. अर्ज भरला, आधारची पडताळणी झाली आणि शंकेचं पत्र आलं. लाइट बिल गाळामालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, करारावर सही मुलाची. हे दोघे कोण आणि जागा नक्की कुणाची? मला राग आला नाही, कारण खोट्या पत्त्यांवर नोंदण्या काढून बोगस बिलं फाडणाऱ्यांच्या बातम्या आपणही वाचतोच. पण उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात आणि आमचे मालक तेव्हा लग्नाला पुण्यात. त्यांना फोनवर म्हटलं, "आण्णा, घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे?" ती नशिबाने त्यांच्याच नावावर निघाली. महापालिकेची ती पावती आणि त्यांचं एक पानी निवेदन जोडलं, तेवढ्यावर काम झालं. भाड्याची जागा घेणाऱ्याने अनामत देण्याआधी लाइट बिल आणि घरपट्टीवरची नावं पाहून घ्यावीत. रंग, फरशी नंतर बघता येते.

जीएसटी नंबर मिळाल्यावर व्यवसाय कर पुढे आला. हा राज्याचा कर, 1975 च्या कायद्यातला. यात दोन नोंदण्या असतात. एक माझी स्वतःची, वर्षाला 2,500 रुपये. घटनेच्या 276 व्या कलमाने वर्षाला याहून जास्त घेता येत नाही, म्हणून मोठ्या शोरूमवाल्यालाही तेवढेच आणि मलाही तेवढेच. दुसरी नोंदणी मालक म्हणून, कामगारांच्या पगारातून कापून भरण्यासाठी. आमच्याकडे तीन बायका आहेत. महिलांना एप्रिल 2023 पासून 25,000 पगारापर्यंत हा कर नाही, त्यामुळे त्यांचं काही कापावं लागत नाही. माल पोचवणारा मुलगा दहा हजारांच्या वर घेतो. त्याचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. त्या एका मुलापायी वेगळा नंबर, वेगळा पासवर्ड, वेगळं विवरणपत्र. विवरणपत्राला उशीर झाला तर विलंब शुल्क हजार रुपयांपर्यंत, म्हणजे महिन्याच्या कराच्या पाचपट. त्याला म्हटलं, "तुझ्या दोनशे रुपयांसाठी मी तारखा पाठ करते." तो म्हणाला, "मग नका की कापू, ताई."

शॉप ॲक्टला त्रास झाला नाही. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की 2017 च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की झालं. पाटी आमची आधीपासून मराठीच होती. काट्यावर वर्षातून एकदा वैधमापनचा शिक्का मारून घ्यावा लागतो, ते सुट्या मालाच्या विक्रीपासून करतच होतो.

पाकिटाने मात्र डोकं खाल्लं. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर तेव्हा 12 टक्के कर होता. सुट्या, लेबल नसलेल्या चुरमुऱ्यावर कर नाही. ऐकायला छान वाटतं, पण भडंगात मुख्य माल चुरमुरेच. त्यावर कर भरलेलाच नाही तर विक्रीच्या करातून वजावट कशाची मिळणार? तेल, शेंगदाणे, तिखट यांवर पाच टक्के, पाऊचवर अठरा, पण पाऊचचा खर्च तो केवढा! म्हणजे बाराचा बराचसा भार माझ्यावरच. शेजारचा सुटं भडंग विकणारा, नोंदणीच नसलेला, शंभरला देणार आणि माझं पाकीट एकशे बाराला. कागवाडच्या दुकानदाराने पहिल्याच आठवड्यात घासाघीस केली. मी सहा महिने नफ्यातून सोसलं.

22 सप्टेंबर 2025 पासून तो दर पाच टक्के झाला. आनंद झालाच, पण छापून ठेवलेल्या पाकिटांवर जुनी एमआरपी. जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायला सरकारने परवानगी दिली होती. आम्ही चौघी जणी रात्री बसून स्टिकर चिकटवत होतो. किंमत खरोखरच खाली आणली. काही दुकानदार म्हणाले, "असू दे की अक्का, जुनाच भाव चालतोय." पण करातली सूट गिऱ्हाइकाची, ती मधेच खिशात घालायची नसते.

आता जीएसटीचं विवरणपत्र तिमाही भरते. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये, काहीच विक्री नसली तरी 20. मॅडमची फी धरली तर कागदपत्रांचा खर्च बऱ्याच महिन्यांत खुद्द कराहून जास्त भरतो. भीशीतल्या मैत्रिणी विचारतात, नोंदणी घेऊ का? माझं उत्तर असतं, गिऱ्हाईक कुठलं आहे ते आधी सांग. कोल्हापूर, पुण्यापुरतं असेल आणि चाळीस लाखांच्या आत असशील तर घाई करू नकोस. जतच्या पुढचं, विजापूरकडचं दुकान धरायचं असेल तर पहिलं पाकीट जाण्याआधी नंबर घे, आणि भाव ठरवताना कराबरोबर सल्लागाराची फीसुद्धा धर.

कागवाडच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी लागतो. खेप पन्नास हजारांच्या आत असते, म्हणून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागत नाही; बिलाची प्रत टेम्पोत ठेवली की पुरे. अथणीचं दुकान गेल्या महिन्यात जोडलं. त्यांना लसूण जास्त लागतो.