माझा अनुभव: वायरलेस मिडी कंट्रोलर सिंथला जोडताना

साताऱ्यात आमचा हौशी ग्रुप आहे, भावगीतं, अभंग, मधूनच एखादी लावणी. मुख्य कीबोर्ड म्हणजे माझा रोलँड जुनो डीएस ६१ सिंथ (सिंथेसायझर). गेल्या वर्षीपासून भाचाही आमच्यात वाजवायला लागला आणि डोक्यात आलं की सिंथवर त्याला बसवावं, पियानो-स्ट्रिंग्ज त्याने सांभाळावं आणि मी छोटा कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड, कुठली पट्टी दाबली एवढंच तो दुसऱ्या वाद्याला कळवतो, आणि ती कळवायची भाषा म्हणजे मिडी) घेऊन गायिकेच्या बाजूला उभं राहून त्याच सिंथमधली बासरी वाजवावी. म्हणजे दुसरा मोठा कीबोर्ड गाडीत घालायला नको, आणि गायिकेच्या श्वासाकडे बघून बासरी भरता येते, जे मागे बसून होत नाही. वायर नको होती कारण स्टेजवर तबलेवाल्याच्या पुढून सतत कुणीतरी ये-जा करतं, एकदा माईकची वायर पायात अडकून स्टँड पडलेला मी पाहिलाय.

म्हणून ३७ पट्ट्यांचा ब्लूटूथ कंट्रोलर घेतला, सेलवर चालणारा. दुकानात विचारलं सिंथला जोडेल ना, तर म्हणाले ब्लूटूथ आहे, कशालाही जोडेल. इथंच पहिली गल्लत. माझ्या सिंथला ब्लूटूथ नाही हे मला माहीत होतं, मला वाटलं यूएसबी वायरने तरी जोडून बघू. कंट्रोलरची वायर सिंथला लावायला गेलो तर मागे दोन यूएसबी आहेत, एक कॉम्प्युटरसाठी आणि एक पेनड्राइव्हसाठी, आणि दोन्हीचा उपयोग शून्य. कारण यूएसबीत एकाला यजमान व्हावं लागतं. कॉम्प्युटरच्या सॉकेटवर कॉम्प्युटर यजमान असतो, सिंथ आणि कंट्रोलर दोघंही पाहुणे. पेनड्राइव्हच्या सॉकेटवर सिंथ यजमान असतो, पण तो फक्त पेनड्राइव्हच ओळखतो. पाहुण्याला पाहुणा जोडून काही होत नाही, मधे यजमान लागतोच. (अजून एक, बऱ्याच नव्या कीबोर्डांवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते फक्त मोबाईलवरची गाणी वाजवायला, म्हणजे ऑडिओ. ब्लूटूथ मिडी वेगळं. घेताना नीट विचारा.)

मग पर्याय राहिला सिंथच्या मागच्या जुन्या पाच पिनच्या मिडी सॉकेटचा. १९८३ पासूनचं हे सॉकेट, आणि आजही कामाला येतं याचं मला खरंच कौतुक वाटतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर मिळतो, एका वायरने जोडलेले दोन प्लग, एक मोठा एक लहान. मला सिंथमध्ये सूर आत घ्यायचे होते, म्हणून मी फक्त लहान प्लग मिडी इनमध्ये घातला आणि मोठा तसाच लोंबत ठेवला. दिवा लागेना. अर्धा तास सिंथ बंद-चालू केला, प्लग काढून फुंकर मारून परत घातला. शेवटी माहितीपत्रक नीट वाचलं तर कळलं की अडॅप्टरला वेगळा सेल नाही, तो आपली वीज मिडी आउटच्या सॉकेटमधून घेतो. तुम्हाला आउट वापरायचं नसलं तरी मोठा प्लग आउटमध्ये घालायलाच हवा. घातला, लगेच निळा दिवा लुकलुकायला लागला.

दिवा लागला पण कंट्रोलर सापडेना. तीन संध्याकाळी गेल्या. यातही तेच यजमान-पाहुण्याचं प्रकरण. ब्लूटूथ मिडीत एक जण शोधणारा आणि दुसरा सापडणारा असतो, कंट्रोलर सहसा सापडणारा, त्यामुळे अडॅप्टरने शोधणारा व्हावं लागतं, काही अडॅप्टर तसे होतच नाहीत, फक्त मोबाईल-कॉम्प्युटरशीच बोलतात. माझा दोन्ही करू शकणारा होता, मोबाईलवरच्या त्याच्या ॲपमधून तो शोधणारा करून ठेवला, तरी सापडेना! शेवटी भाचा म्हणाला, "मामा, आतल्या खोलीतला टॅब बंद करून बघू का?" झालं असं होतं की पहिल्या दिवशी मी कंट्रोलर टॅबवरच्या पियानो ॲपला लावून बघितला होता, ते ॲप मागे चालूच होतं, आणि कंट्रोलर चालू केला की टॅब त्याला आधी पकडायचा. एकदा कुणी पकडला की तो दुसऱ्याला दिसत नाही. टॅबचं ब्लूटूथ बंद केलं, दहा सेकंदात दिवा स्थिर झाला, पट्टी दाबली आणि सिंथमधून सूर आला. त्या क्षणी आम्ही दोघं नुसते हसत होतो.

पण आला तो पियानोचा. मिडीत १६ चॅनेल, म्हणजे निरोप पाठवायचे वेगवेगळे मार्ग, असतात आणि कंट्रोलर १ वर पाठवत होता, सिंथवर १ म्हणजे भाच्याचा पियानो. मग परफॉर्मन्स मोडमध्ये (यात अनेक आवाज एकत्र लावून जपून ठेवता येतात, प्रत्येक आवाजाची जागा म्हणजे पार्ट) बासरी ३ नंबरच्या पार्टवर ठेवली, त्या पार्टचा कीबोर्ड स्विच बंद केला म्हणजे भाच्याच्या पट्ट्यांवर बासरी वाजणार नाही, आणि कंट्रोलर चॅनेल ३ वर नेला. आता एका सिंथवर दोघं. एवढंच सांभाळायचं की गाण्याच्या मधे भाच्याने परफॉर्मन्स बदलला तर माझाही आवाज बदलतो, म्हणून प्रत्येक गाण्याचा एकच परफॉर्मन्स आधी बनवून ठेवतो.

सगळ्यात जास्त दचकवलं ते ट्रान्सपोजने, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायच्या सोयीने. गायिकेची पट्टी काळी एक, भाच्याने सिंथवर एक वाढवून घेतलं आणि पांढऱ्यातून वाजवायला लागला, मी पण त्याच पट्ट्या दाबल्या तर बासरी बरोब्बर अर्धा सूर खाली. सिंथचं ट्रान्सपोज फक्त त्याच्या स्वतःच्या पट्ट्यांना लागतं, बाहेरून आलेल्या सुरांना लागत नाही. तेव्हापासून कंट्रोलरवर पण तेवढंच लावायचं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी "मामा, एक" असं भाचा मोठ्याने सांगतो.

सूर उशिरा येतो का, हा सगळ्यांचाच प्रश्न. मी असं तपासलं की दोन्हीकडे टकटकीचा आवाज लावला आणि एक हात सिंथवर, एक कंट्रोलरवर, एकदम मारला. घरी एकच "टक" ऐकू आलं. स्टेजवर मात्र मागे पडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं कारण ब्लूटूथ नव्हतं. आवाजाला हवेतून एक मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, माझा मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) पाच मीटरवर होता म्हणजे तिथेच १५ गेले. मॉनिटर पायाशी ओढला, लावणीतही हात मोकळा झाला.

हॉल भरल्यावर एकदा सूर अडकला. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यात माणसांच्या अंगात ते शोषलं जातं, पट्टी सोडल्याचा निरोप सिंथपर्यंत पोचलाच नाही आणि बासरी वाजतच राहिली. भाच्याने पटकन त्या पार्टचा आवाज शून्य केला. आता अडॅप्टर लावलेली मागची बाजू माझ्याकडे येईल असा सिंथ थोडा तिरका ठेवतो, मधे कुणी बसत नाही, आणि मी चार-पाच पावलांच्या पलीकडे जात नाही. त्यानंतरच्या सहा कार्यक्रमांत एकदाही अडकलेला नाही. तरी तसं झालंच तर ३ नंबरचा कीबोर्ड स्विच चालू करून बासरी भाच्याने घ्यायची हे ठरलेलं आहे, त्याला सगळे तुकडे पाठ करून दिलेत.

चालू करायचा क्रम आधी सिंथ, मग कंट्रोलर. सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांचे टॅब बॅगेत, बंद.