निर्यातीची द्राक्षं आणि सातबाऱ्यावरचं नाव : माझा अनुभव

युरोपला द्राक्षं पाठवायची म्हटलं की लोक फवारण्यांबद्दल विचारतात. फुगवण कशी मिळवली, सोळाच्या वर ब्रिक्स, म्हणजे गोडी, कशी आणली, मिलीबग किडीला काय मारलं. ते सगळं सांगते, पण आधी सातबारा. कारण आमची बाग औषधाच्या अंशावर अडली नाही, वारस नोंदीवर अडली.

नाशिक जिल्ह्यात आमचा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा जुना प्लॉट आहे, डॉगरिजच्या खुंटावरचा. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, तो सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या नावाने होता. आप्पा २०२४ च्या उन्हाळ्यात गेले. बाग आम्ही दोघं बघतो. हे प्लॉटमध्ये, कागद माझ्याकडे. "राहू द्या की आप्पांच्याच नावावर, कोण बघतंय?" असं सांगणारे गावात बरेच भेटले. पण निर्यातदार पैसे टाकतो ते नोंदणीतल्या नावाच्या खात्यात, आणि ते खातं बँकेने बंद केलेलं. शिवाय माल गेल्यावर काही निघालं, तर उत्तर द्यायला मेलेल्या माणसाला बोलावणार का?

नवी नोंदणी म्हणजे अर्ज, सातबारा, ८अ (खात्याचा उतारा), बागेचा नकाशा आणि किरकोळ फी. बस्स. कृषी विभागाकडचं काम आमच्याकडे तरी सुरळीत झालं, सहायक बागेत येऊन पाहून गेले. मात्र सातबाऱ्यावर नाव आमचं हवं.

वारस नोंदीचा अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दिला होता. पहिल्यांदा तो परत आला, कारण मृत्यूच्या दाखल्यावर आप्पांच्या नावात वेलांटी ऱ्हस्व आणि सातबाऱ्यावर दीर्घ. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. केलं. (सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही स्टॅम्प पेपर मागतात. हसून नाही म्हणा.) मग अर्ज टेबलावर. भाऊसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्यांकडे, शेजारच्या सजाचाही चार्ज. आपण इकडे गेलो की ते तिकडे, तिकडे गेलो की तालुक्याला मीटिंगला. कोतवालाला फोन करून निघायचं हे मला हळूहळू कळलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

शेवटी त्यांनी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला. त्यानंतर हरकतीसाठी सगळ्या वारसांना नोटीस जाते, पंधरा दिवस थांबावं लागतं आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सासूबाई, हे आणि दोघी नणंदा, असे वारस. मुलींची नावं लागणारच, त्यात काही वाद नव्हता. थोरल्या वन्सं सुरतला असतात आणि मधल्या काळात त्यांनी घर बदललेलं. नोटीस परत आली. आम्हाला हे कोणी कळवलं नाही. पंधरा दिवस होऊन गेले म्हणून मी नोंद बघायला गेले, तेव्हा समजलं.

"ताई, नोटीस बजावल्याची पोच नाही. पुन्हा काढावी लागेल. पुन्हा पंधरा दिवस."

"भाऊसाहेब, वन्सं भाऊबीजेला येतायत. तुमच्यासमोर सही करतील."

"दिवाळीत ऑफिस बंद."

"मग दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर इलेक्शन."

आणि ते खरंच होतं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, सगळा महसूल विभाग त्यात जुंपलेला. पण वेली कुठे निवडणुकीला थांबतात? ऑक्टोबर छाटणी झालेली, परतीच्या पावसाने डावणी रोगाचा धाक लावलेला, यांच्या पाठीवरचा पंप उतरत नव्हता. घड दिसायला लागले, जीएचं डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) आलं, विरळणीला बायका लावायच्या होत्या. हा सगळा खर्च निर्यातीच्या हिशोबाने चाललेला आणि त्या निर्यातीचा कागद एका पाकिटावर पोस्टमनने मारलेल्या शेऱ्यापाशी अडलेला. घरी मी कोणाशी नीट बोलत नव्हते, हेही लिहून ठेवते.

सुटलं ते असं. वन्सं भाऊबीजेला आल्या, त्यांना मी परत जाऊच दिलं नाही. ऑफिस उघडलं त्या दिवशी सकाळीच दोघी जाऊन बसलो. त्यांनी लेखी जबाब दिला : नोटीस समजली, हरकत नाही, सोबत आधारची प्रत. भाऊसाहेब म्हणाले, असं चालत नाही. मी म्हटलं, चालत नाही ते लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं नाही, जबाब घेतला. मी त्याच्या प्रतीवर पोच घेतली आणि तीच प्रत घेऊन मंडळ अधिकाऱ्यांकडे गेले. हा शेवटचा भाग मी आमच्या भिशीत इतक्यांदा सांगितलाय की आता बायका आधीच हसतात. मतदान झाल्यावर नोंद मंजूर झाली. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो. तो काढला आणि त्याच दिवशी नोंदणीचा अर्ज टाकला. क्षेत्र सामाईक झालेलं, म्हणून बाकीच्यांचं संमतीपत्र मागितलं. वन्संची सही मी आधीच घेऊन ठेवली होती.

पुढचं पटापट झालं. प्लॉटला नंबर मिळाला, लॅबचा माणूस औषधाचे अंश तपासायला नमुना घेऊन गेला, रिपोर्ट चांगला आला, माल पॅकहाऊसला गेला.

आता फवारणीचं, कबूल केल्याप्रमाणे. कृषी सेवा केंद्रवाला काय देतो यापेक्षा 'अ‍ॅनेक्शर पाच'मध्ये काय आहे ते बघा. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांच्या शिफारशीची यादी ती. मिलीबगसाठी क्लोरपायरीफॉस अजून सहज मिळतं, पण युरोपने २०२० मध्ये मालातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. शेजाऱ्याच्या ब्लोअरचा फवारा आपल्या कडेच्या ओळींवर आला तरी तेवढं भरू शकतं. शेजाऱ्याला चहाला बोलवा आणि तो काय मारतोय ते विचारून घ्या. फवारणीची वही रोजच्या रोज, दुकानाच्या बिलासकट. हे थोतांड वाटणाऱ्यांनी २०१० आठवावं. वाढ रोखायला सगळे लिहोसीन मारायचे, त्यातलं क्लोरमेक्वाट आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपात मात्र ते सापडलं आणि भरलेले कंटेनर तिकडे अडकले.

ज्यांच्या घरात यंदा असं झालंय त्यांनी वारस नोंदीला एप्रिलच्या खरड छाटणीच्या आसपासच हात घाला, ऑक्टोबरची वाट पाहू नका. अर्जात प्रत्येक वारसाचा आत्ताचा पत्ता आणि मोबाइल लिहा, रेशनकार्डावरचा नको. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर दिसते, ती घरबसल्या बघता येते. मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेही भाऊसाहेबांकडून नाही, सेतूतल्या पोराकडून. ८अ काढायला विसरू नका. सातबारा बदलला म्हणजे खाते क्रमांकही बदललेला असू शकतो, आणि जुना क्रमांक टाकला तर अर्ज परत येतो.