मिल लॅक्ससाठी चौदा फुटी बोट: व्ही तळ की सपाट तळ?

मागच्या नोंदीपर्यंत निवड दोन जुन्या बोटींवर येऊन ठेपली होती. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन्ही १४ फुटांच्या आणि दोन्हींना मागच्या बाजूला बाहेरून अडकवायचे आउटबोर्ड इंजिन लागणार होते, जे मागे बसून टिलरने, म्हणजे इंजिनाच्याच दांड्याने, चालवायचे असते. पहिली रिव्हेट मारलेली, खोल व्ही तळाची. दुसरी वेल्ड केलेली, सपाट तळाची, जिला येथे मिनेसोटात सर्वजण जॉन बोट म्हणतात. तिचे माप '१४४८', म्हणजे लांबी १४ फूट आणि तळाची रुंदी ४८ इंच. दुसरी अधिक नवी होती, अधिक धडधाकट होती आणि तिच्यावर फारसे काम करावे लागणार नव्हते. तरीही मी पहिली घेतली. त्यामागचा विचार सविस्तर लिहितो, कारण येथील मराठी मंडळींपैकी काही जण याच पेचात आहेत हे मला ठाऊक आहे.

पहिला प्रश्न बोटीचा नव्हे, पाण्याचा असतो. मी प्रामुख्याने वॉलाय मासेमारीसाठी मिल लॅक्सवर जाणार आहे. त्या सरोवराचा विस्तार सुमारे १,३२,००० एकर आहे आणि सर्वांत खोल जागीसुद्धा पाणी साधारण ४२ फुटांपलीकडे जात नाही. इतके पसरट आणि इतके उथळ पाणी वारा सुटला की पाहता पाहता उसळते. लाटा फार उंच नसतात, परंतु त्या आखूड, उभ्या आणि एकीच्या पाठीला लागून दुसरी अशा येतात. छोट्या बोटीला याच लाटा सर्वांत जास्त छळतात, कारण एका लाटेवरून उतरून सावरेपर्यंत पुढची लाट नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली, आलेली असते.

सपाट तळ पाण्यावर परातीसारखा बसतो. उभे राहून गळ टाकावा, वाकून जाळीने मासा उचलावा, बोट हलत नाही. शिवाय वीतभर पाण्यातही ती सहज तरंगते. रेड विंगजवळच्या मिसिसिपीच्या उथळ फाट्यांमध्ये किंवा लहान तळ्यांमध्ये क्रॅपी मासे पकडणाऱ्यांनी डोळे मिटून जॉन बोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र समोरून लाट आली की हाच तळ तिच्यावर आपटतो, वेग अगदी कमी करावा लागतो आणि पाठीच्या मणक्यापासून बैठकीच्या वेल्डपर्यंत सर्वांनाच तो मार बसतो. व्ही तळ लाट कापत पुढे जातो आणि उंच नाळ पाणी बाजूला फेकते. त्याची किंमत मोजावी लागते ती थांबलेल्या बोटीत: एखादा मनुष्य काठाकडे सरकला की ती लगेच त्या बाजूला कलते, आणि मुलांना जागेवर बसायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी लागते. येथे दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणे कायद्याने आवश्यक आहे. माझ्या बोटीत ते मोठ्यांनाही लागू राहील.

आता क्षमतेच्या पाटीविषयी, कारण जुनी बोट पाहताना अनेक जण रंग आणि इंजिन पाहतात, पाटी मात्र वाचत नाहीत. अमेरिकेत २० फुटांखालील अशा बोटींवर किती माणसे, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती हे सांगणारी पाटी असते. व्ही बोटीच्या पाटीवर २५ अश्वशक्ती लिहिले होते, तर तिच्याहून रुंद असलेल्या जॉन बोटीच्या पाटीवर २०. हे उलटे कसे, याचे उत्तर तटरक्षक दलाच्या नियमातील सूत्रात आहे. बोटीची लांबी आणि ट्रान्समची, म्हणजे इंजिन अडकवण्याच्या मागच्या भिंतीची, रुंदी फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. तो साडेबावन्नपेक्षा जास्त असेल आणि बोट टिलरची असेल, तर सर्वसाधारण तळासाठी त्याच्या ०.८ पटीतून २५ वजा करतात, आणि कडेला ठळक कोन असलेल्या सपाट तळासाठी निम्म्यातून १५ वजा करतात. व्ही बोटीचा ट्रान्सम साडेचार फूट, म्हणून गुणाकार ६३ आणि उत्तर सुमारे २५. जॉन बोटीचा ट्रान्सम पाच फूट, म्हणून गुणाकार ७०, परंतु उत्तर २०. त्याच ७० वर व्ही तळाला ३१ मिळाले असते. नियम करणाऱ्यांनी टिलरच्या सपाट बोटीला जाणूनबुजून कमी शक्ती दिली आहे, आणि दोन्ही बोटी पाण्यावर पाहिल्यावर त्यांचा सावधपणा मला पूर्णपणे पटतो.

ट्रान्समची उंचीही मोजली. जॉन बोटीची १५ इंच, व्ही बोटीची २० इंच. म्हणजे जॉन बोटीला आखूड शाफ्टचे आणि व्ही बोटीला लांब शाफ्टचे इंजिन; शाफ्ट म्हणजे इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत खाली जाणारा दांडा. हा फरक केवळ इंजिन विकत घेण्यापुरता नाही. परतीच्या वाटेवर लाटा मागून येतात, आणि वेग अचानक कमी केला की बोटीने स्वतःच उठवलेली लाटही मागून चढते. अशा वेळी ते पाच इंच फार मोलाचे असतात.

पाहणीत जॉन बोट जवळपास निर्दोष निघाली. तिच्या ट्रान्समवर उजव्या बाजूला कोरलेल्या ओळख क्रमांकाचे शेवटचे दोन अंक विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षाशी जुळले. फक्त मागच्या आडव्या बरगडीच्या वेल्डलगत केसाइतकी बारीक रेघ होती. ती चीर असो वा ओरखडा, अशा जागी मी सावध होतो, कारण ५०५२ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचा कडकपणा वेल्डच्या उष्णतेने त्या पट्ट्यात कमी झालेला असतो आणि पुन्हा वेल्ड केल्याने तो परत येत नाही.

व्ही बोटीची अवस्था मात्र कष्टाची आहे. ट्रान्समच्या आतील प्लायवूडवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, तेव्हा वरच्या भागात टणक आवाज आला आणि पाणी काढण्याच्या बुचाजवळ तो बद्द झाला; बोल्ट काढून पाहिला तर त्याच्या आट्यांना काळपट ओला भुसा चिकटलेला होता. रिव्हेटची तपासणी ट्रेलरवरच केली. तळाला नीट आधार देऊन बोटीच्या आत थोडे पाणी भरायचे आणि खाली झोपून बाहेरून पाहायचे, म्हणजे गळणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी ओलसर वर्तुळ आणि मग थेंब दिसतो. तो लगेच ग्रीज पेन्सिलने खुणावून ठेवावा. पाणी मोजकेच भरावे, कारण १०० गॅलन पाण्याचे वजन सुमारे ३८० किलो होते आणि लहान ट्रेलर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. बहुतेक गळती मधल्या बैठकीखालच्या एकाच ओळीत सापडली. बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवून आतून हातोड्याने ठोकले की सैल रिव्हेट पुन्हा घट्ट बसतो; या कामाला दोन माणसे लागतात आणि शेजाऱ्यांनी आनंदाने हात दिला. जे दाद देत नव्हते ते काढून बंद टोकाचे नवे रिव्हेट सीलंट लावून बसवले.

येथेच निर्णय पक्का झाला. प्लायवूड बदलता येते, रिव्हेट आवळता येतात, इंजिनही पुढे बदलता येते. तळाचा आकार आणि काठाची उंची मात्र कारखान्यात ठरलेली असते. याच राज्यात न्यूयॉर्क मिल्स गावी १९४८ पासून लुंड कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी बनवते आहे, आणि येथील मोठ्या सरोवरांवर रिव्हेटच्या व्ही बोटी इतक्या दिसतात त्याचे कारण पाणी तसे आहे, हेच.

सध्या ट्रान्समचे काम चालू आहे. जुने लाकूड साचा म्हणून वापरून पाऊण इंची मरीन प्लायवूडचे दोन तुकडे कापले, इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून दीड इंच जाडी मिळवली आणि कडांना व प्रत्येक छिद्राच्या आतल्या बाजूलाही इपॉक्सीचे थर दिले. दुकानात वाळवी आणि कुजण्यापासून सुरक्षित म्हणून मिळणारे प्रक्रिया केलेले प्लायवूड येथे कटाक्षाने टाळावे. त्यातील तांबे ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमच्या संपर्कात आले की पत्रा झिजू लागतो; ओल्या तळात विसरलेले एक सेंटचे नाणेसुद्धा कालांतराने भोक पाडू शकते. मालवणहून एका स्नेह्यांनी विचारले होते की समुद्रात अशी बोट टिकेल का. ५०५२ हा पत्रा खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, परंतु तिथे तांब्या-पितळेचा संपर्क येथल्यापेक्षा कितीतरी वेगाने नुकसान करतो, आणि तळाला लावायचा तांबेयुक्त रंग तर अ‍ॅल्युमिनियमवर मुळीच चालत नाही.

इंजिन २० अश्वशक्तीचे, चार-स्ट्रोक, लांब शाफ्टचे घेणार आहे. त्याचे वजन साधारण ५० किलो आणि चालवणाराही मागेच बसणार, म्हणून इंधनाची टाकी मधल्या बैठकीपाशी आणि बॅटरी नाळेकडे हलवण्यासाठी जागा आखून ठेवली आहे. इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर स्टेनलेस बोल्ट सीलंटसह आवळायचे, मग तळाला सरळ पट्टी लावून प्रोपेलरवरची आडवी प्लेट तळाच्या पातळीत येते का ते पाहायचे. मे महिन्यात वॉलायचा हंगाम उघडण्याआधी एखाद्या लहान तळ्यावर ती उतरवेन आणि एकट्याने व भरल्या वजनाने तिचा वेग किती येतो, हे पुढच्या नोंदीत देईन.